गोळीला पाणी कळतं

आषाढातली गोष्ट. वेंगुर्ल्यातल्या माझ्या औषधांच्या दुकानात शेजारच्या वाडीतल्या एक काकी आल्या. पदराखालून स्टीलचा छोटा डबा काढला, झाकण उघडून माझ्या पुढ्यात धरला. आत हृदयासाठी रोज घ्यायच्या ॲस्पिरिनच्या गोळ्या. महिन्याभराच्या सगळ्या पाकिटातून आधीच सोडवून ठेवलेल्या, म्हणजे रोज फोडत बसायला नको. काकी म्हणाल्या, "ह्या गोळ्यांका आंबट वास येता गो. खराब झाल्यो काय?"

मी डबा नाकाजवळ नेला. व्हिनेगरचा वास, अगदी स्पष्ट. गोळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या, एक बोटाने दाबली तर कडेची भुकटी झाली. ॲस्पिरिनला ओल लागली की ते फुटतं आणि त्यातून दोन आम्लं तयार होतात, एक सॅलिसिलिक आणि दुसरं ॲसिटिक. दुसरं म्हणजे आपलं व्हिनेगर. काकींचं नाक बरोबर होतं. त्या गोळ्या फेकून द्यायला सांगितल्या, नव्या दिल्या, आणि त्या पाकिटातच ठेवायच्या असं बजावलं. त्यावर त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र डोक्यात राहिला. "एवढीशी गोळी, तिका पाणी कसा कळता?"

दुकान टाकण्यापूर्वी मी अनेक वर्षं गोव्यातल्या एका कारखान्यात गोळ्या बनवायच्या विभागात होते. सिंधुदुर्गातली कितीतरी मुलं-मुली आजही तिकडे औषध कंपन्यांत नोकरीला आहेत. तेव्हा हे उत्तर मी नीट द्यायला हवं.

गोळीकडून आपण दोन उलट्या गोष्टी मागतो. कारखान्यातून निघाल्यापासून दोन-तीन वर्षं तिने जशीच्या तशी राहायचं, ट्रकमधून घाट उतरायचा, कोकणातला पावसाळा काढायचा, आणि कण सुटता कामा नये. तीच गोळी घोटभर पाण्याबरोबर पोटात गेली की पाच-दहा मिनिटांत तिचा भुगा व्हायला हवा. बाहेर पाण्याला दाद द्यायची नाही, आत पाणी लागताच सुटायचं. गोळी बनवण्याचं सगळं कसब या दोन मागण्या एकाच वेळी पुऱ्या करण्यात आहे.

औषध एकटं यातलं काहीच करू शकत नाही. शुद्ध औषध म्हणजे बहुतेक वेळा पांढरी भुकटी. कधी पिठासारखी मऊ, कधी सुईसारख्या बारीक स्फटिकांची. नुसती दाबली तर ती बसत नाही, आणि बसली तर दगड होते. म्हणून गोळीत औषधाखेरीज आणखी बरंच काही असतं. थायरॉइडच्या रुग्णांना जी थायरॉक्सिनची गोळी देतात, तिच्यात औषध असतं 50 मायक्रोग्रॅम. एक ग्रॅम औषधात अशा 20,000 गोळ्या होतात. तेवढं औषध सुटं दिलं तर डोळ्यांना जेमतेम दिसेल. हातात धरता येते ती गोळी जवळजवळ सगळी इतर घटकांची असते. पॅरासिटामॉलचं उलट. 500 मिलिग्रॅमच्या गोळीत औषधच इतकं असतं की बाकीच्यांना जागा थोडी उरते, आणि त्या थोड्या जागेत सगळी कामं उरकावी लागतात.

हे बाकीचे कोण? जागा भरायला दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज. लाकडाच्या लगद्यापासून काढलेलं सेल्युलोज, जे दाबलं की छान बसतं आणि वात जसं तेल वर ओढते तसं पाणी आत ओढून घेतं. मक्याचा स्टार्च. कण एकत्र बांधायला चिकट पदार्थ, फुगून गोळी फोडायला दुसरा, साच्याला चिकटू नये म्हणून तिसरा. समुद्राचाही यात वाटा आहे. मालवणच्या खडकांवर ओहोटीला शेवाळ उघडं पडतं ते पाहिलं असेल. तपकिरी समुद्रशेवाळातून अल्जिनेट काढतात, ते गोळीत वापरतात आणि जळजळीच्या औषधांतही.

या सगळ्यांना 'भेसळ' समजणारी माणसं मला दुकानात भेटतात. "यात निम्मा तर खडूच असतो ना?" असं विचारतात. मला ते मनापासून खटकतं, कारण या घटकांवर औषधाचा गुण अवलंबून असतो. ऑस्ट्रेलियात 1960 च्या दशकाच्या शेवटी घडलेली गोष्ट औषधनिर्माणशास्त्राच्या वर्गात सांगतात. फेफऱ्यावरच्या फेनिटॉइनच्या कॅप्सूलमध्ये जागा भरायला कॅल्शियम सल्फेट वापरत होते. ते बदलून लॅक्टोज घातलं. औषधाची मात्रा तीच ठेवली, तरी रुग्णांना विषबाधेची लक्षणं दिसू लागली. पूर्वीचं कॅल्शियम सल्फेट थोडं औषध अडवून धरत होतं, शरीरात कमी जाऊ देत होतं. ते गेलं आणि रक्तातलं औषध वाढलं. ज्याला आपण नुसतं भरण म्हणतो त्याने एवढा फरक पडला.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते. त्यातलं माझं सगळ्यात आवडतं काम म्हणजे दाणे करणं. कारखान्यात त्याला ग्रॅन्युलेशन म्हणतात.

तांदळाचं पीठ डब्यातून ओतून बघा. ते अडखळतं, ढिगाने कोसळतं, कडेला चिकटून बसतं. रवा ओता, तो सरसर वाहतो. गोळ्या पाडणाऱ्या यंत्राला पीठ चालत नाही, रवा लागतो. कारण यंत्र गोळीचं वजन करत नाही. आपल्याकडे पूर्वी भात पायलीने मोजत, पायली काठोकाठ भरून वरचं हाताने निपटून टाकत. यंत्राचंही माप तसंच आहे. एक छोटंसं भोक भरायचं, वरचं पुसून काढायचं, उरेल ते दाबायचं. पायलीत कधी भात दाटून बसला, कधी पोकळ राहिला तर माप चुकतं. इथे माप चुकलं तर एका गोळीत औषध जास्त जातं, दुसरीत कमी.

म्हणून आधी सगळी भुकटी चाळायची, मिसळायची. औषध थोडं असेल तर मिसळण्यातही युक्ती आहे. चिमूटभर औषध मोठ्या ढिगात टाकून ढवळलं तर ते कुठेतरी एका कोपऱ्यात राहतं. तेव्हा पहिल्यांदा औषधाएवढंच भरण घेऊन दोन्ही एकजीव करायचं, मग त्या मिश्रणाएवढं पुन्हा घालायचं, मग पुन्हा. घरी मोठ्या घाण्याच्या पिठात हळद सगळीकडे सारखी लागावी म्हणून ती आधी मूठभर पिठात कालवून घेतात, तसंच हे.

मग येतो बांधणारा पदार्थ. आज बरेचदा पोव्हिडोनसारखे तयार चिकट पदार्थ वापरतात, पण जुना आणि अजूनही चालणारा मार्ग स्टार्चच्या खळीचा आहे. पाण्यात स्टार्च कालवून शिजवायचा, तो पारदर्शक आणि चिकट झाला की गरम गरम भुकटीवर ओतायचा. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला आमच्या घरातली पेजच आठवली. वरून पेज ओतली जाते आणि मोठ्या भांड्यात पाती फिरत असतात. भुकटी आधी कोरडीच राहते, मग गोळे धरू लागते, आणि मग यंत्राचा आवाज बदलतो. पात्यांना जोर लागायला लागला की मोटरच्या विजेचा आकडा चढतो. तो आकडा बघून थांबायचं असं कागदावर लिहिलेलं असतं. पण आमच्याकडचे जुने ऑपरेटर आकड्याबरोबर हातही वापरत. हातमोजा घातलेल्या हाताने मूठभर ओलं मिश्रण उचलायचं आणि आवळायचं. मूठ उघडली की गोळा टिकायला हवा, बोटाने टिचकी मारली की स्वच्छ दोन तुकडे व्हायला हवेत. टिकलाच नाही तर पाणी कमी, बोटाला लगदा लागला तर जास्त. रव्याचा लाडू वळता येतो की नाही हे आई जसं बघायची, अगदी तसंच. मोदकाची उकड मळणाऱ्या बाईला हे एका दिवसात शिकवता येईल असं मला तेव्हाही वाटायचं.

ओले दाणे चाळणीतून काढून वाळवायचे. त्यासाठीचं यंत्र बघण्यासारखं असतं. मोठ्या शंकूच्या तळातून गरम हवा जोराने वर येते आणि सगळे दाणे त्या हवेवर उकळत्या पाण्यासारखे उसळत राहतात. काही वेळाने थोडा नमुना काढून तापवायचा आणि वजन किती घटलं ते बघायचं, म्हणजे ओल किती उरली ते कळतं. सगळी ओल काढायची नसते, हे नव्या माणसाला पटत नाही. साधारण एक ते तीन टक्के उरायला हवी, औषधागणिक आकडा वेगळा.

मलाही पटलं नव्हतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, जुलैमध्ये, बाहेर आठ दिवस सूर्य दिसला नव्हता. मला वाटलं पाऊस इतका आहे, दाणे ओले राहतील, म्हणून वाळवण ठरलेल्या वेळेपेक्षा वाढवू दिलं. पॅरासिटामॉलची बॅच होती. दुसऱ्या दिवशी गोळ्या पाडायला घेतल्या आणि प्रत्येक गोळीची वरची चकती सुटून येऊ लागली. नारळाची कवटी वरून तासावी तशी टोपी निघत होती. याला कॅपिंगच म्हणतात. पॅरासिटामॉलचे स्फटिक दाबले तरी पुन्हा उसळी घेतात, त्यांना धरून ठेवायला थोडी ओल हवीच असते, आणि तीच मी उडवून लावली होती. त्यात दाण्यांमध्ये अडकलेली हवा दाब सुटताच वर येते आणि सगळ्यात आधी वरचा थर उचलते. ती बॅच थांबली. चूक माझ्या सहीनिशी कागदावर नोंदली गेली. त्या दिवसापासून ओलीकडे मी मिठासारखं बघते, कमी चालत नाही आणि जास्तही.

बाहेर हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात असते तेव्हाही कारखान्यात गोळ्यांच्या खोलीत ती साधारण पन्नासच्या आसपास ठेवतात. पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळ्या असतील तर पंचवीसच्याही खाली, कारण हवेतल्या ओलीनेच त्या फसफसायला लागतात. तिथे आठ तास काम केलं की ओठ फुटायचे, आणि दार उघडून बाहेर आलं की चष्म्यावर वाफ धरायची. कोकणात गोळ्या बनवायच्या तर हवा आधी वाळवून घ्यावी लागते, आणि विजेचा मोठा खर्च त्यावरच होतो.

वाळलेल्या दाण्यांत शेवटी दोन गोष्टी पडतात. एक, गोळी फोडणारा पदार्थ. बटाट्याच्या स्टार्चपासून केलेला एक प्रकार पाणी लागताच कितीतरी पट फुगतो. भिजत घातलेला साबुदाणा वाटीत कसा वर येतो तसा, पण काही सेकंदांत. गोळीच्या आत तो फुगला की चारी बाजूंना रेटा देतो आणि गोळी आतून उकलते. काकींच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर हेच आहे. गोळीला पाणी कळतं कारण तिच्यात पाण्याची वाट बघत बसलेलं काहीतरी मुद्दाम ठेवलेलं असतं. आणि म्हणूनच उघड्या डब्यातली दमट हवाही तिला कळते.

दुसरी गोष्ट मॅग्नेशियम स्टिअरेट. मोदकाचा साचा सुटावा म्हणून आपण तुपाचा हात फिरवतो ना, तेच काम. स्निग्धाम्लापासून बनलेली ही भुकटी साधारण अर्धा ते एक टक्का घालतात आणि फक्त तीन ते पाच मिनिटं मिसळतात. का, ते सांगते. जास्त मिसळलं तर प्रत्येक दाण्यावर तिचा पातळ थर चढतो, आणि ती पाण्याला जवळ येऊ देत नाही. सगळे घटक बरोबर, वजनं बरोबर, आणि केवळ दहा मिनिटं जास्त फिरवल्यामुळे गोळी पोटात वेळेवर विरघळणार नाही. गोळीच्या कामात मला सगळ्यात जास्त धाक कशाचा वाटत असेल तर या पाच मिनिटांचा.

मग दाबयंत्र. गोल फिरणारी पोलादी चकती, तिच्या कडेने भोकं. प्रत्येक भोकाला खालून एक दांडा आणि वरून एक, त्यांना पंच म्हणतात. खालचा पंच थोडा उतरतो, भोकात दाणे पडतात, पट्टी जास्तीचे दाणे पुसून नेते, वरचा पंच उतरतो. आधी हलका दाब, हवा निघून जायला, आणि लगेच खरा, एक-दोन टनांचा. पापणी लवायच्या आत हे होतं आणि खालचा पंच गोळी वर ढकलून देतो. 27 पंचांची चकती मिनिटाला 30 फेरे फिरली तर 810 गोळ्या, तासाला 48,600. मोठी यंत्रं याच्या कितीतरी पुढे आहेत. यंत्रातून नुकतीच पडलेली गोळी हातात घेतली तर किंचित कोमट लागते.

भुकटी अशी साच्यात दाबून गोळी करायची कल्पना विल्यम ब्रॉकेडन या इंग्रज चित्रकाराची. त्याला चांगल्या पेन्सिली हव्या होत्या, म्हणून ग्राफाइटची भुकटी दाबून घट्ट करायचा त्याचा खटाटोप होता. 1843 मध्ये त्याने पेटंट घेतलं, आणि त्यात औषधाच्या गोळ्याही होत्या.

गोळी पडली म्हणजे काम झालं असं नाही. दर काही मिनिटांनी काही गोळ्या उचलून तपासतात. भारतीय औषधकोशाने, ज्याची पहिली आवृत्ती 1955 ची, नियम घालून दिले आहेत. वीस गोळ्या वजन करायच्या. सरासरी 250 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर पाच टक्क्यांहून जास्त फरक दोनपेक्षा जास्त गोळ्यांत चालत नाही. मग गोळ्या प्लास्टिकच्या ढोलात घालून चार मिनिटांत शंभर वेळा गरगर फिरवतात आणि वरून खाली आपटतात. एक टक्क्याहून जास्त वजन झडलं तर ती गोळी आंबोली घाट उतरून आमच्या दुकानापर्यंत धड येणार नाही. आणि शेवटी पाणी. जाळीच्या तळाच्या सहा नळ्यांत एकेक गोळी ठेवून 37 अंशांच्या पाण्यात वर-खाली बुचकळतात. बिनआवरणाची साधी गोळी पंधरा मिनिटांत मोडायला हवी.

मोडणं वेगळं आणि विरघळणं वेगळं. वाळूचं ढेकूळ पाण्यात लगेच मोडतं, विरघळत मात्र कधीच नाही. म्हणून काचेच्या भांड्यात, शरीराएवढ्याच उबेच्या पाण्यात, गोळीतलं औषध किती वेळात किती उतरलं तेही मोजतात. स्वस्त जेनेरिक गोळी आणि महागडी गोळी यांची तुलना करताना माणसं रंग आणि आकार बघतात. मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, हे विरघळण्याचे आकडे बघायला हवेत. रंगावरून काहीच ठरत नाही.

काही गोळ्यांना वरून आवरण असतं. मोठ्या फिरत्या ढोलात गोळ्या घोळत राहतात, वरून बारीक फवारा आणि गरम हवा. गोळीचं वजन दोन-चार टक्के वाढेल एवढाच थर. कधी तो कडू चव लपवायला, कधी उजेड अडवायला. पण काही आवरणं त्याहून हुशार असतात. पित्तावरचं पँटोप्राझोल जठरातल्या आम्लात नष्ट होतं. म्हणून त्याचं आवरण आम्लात अजिबात विरघळत नाही, आतड्यात आम्लता कमी झाल्यावरच सुटतं. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या काही गोळ्या, ज्यांच्या नावापुढे एसआर किंवा एक्सआर असं लिहिलेलं असतं, त्या पाणी लागल्यावर फुटत नाहीत. त्यांच्याभोवती बुळबुळीत जेली तयार होते आणि तिच्यातून औषध तासन् तास झिरपतं. रिकामा सांगाडा कधी कधी शौचात दिसतो, आणि लोक घाबरून दुकानात येतात. औषध केव्हाच निघून गेलेलं असतं.

इथे मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. अंथरुणावरच्या म्हाताऱ्या माणसाला गिळता येत नाही म्हणून घरची माणसं खलबत्त्यात गोळ्या कुटून देतात. प्रेमानेच देतात. पण अशी एसआर गोळी कुटली तर दिवसभरात हळूहळू यायचं औषध एकदम अंगात जातं, आणि पित्ताची ती गोळी कुटली तर औषध पोटातच मरतं. कुटण्याआधी दुकानात किंवा डॉक्टरांना विचारा. बऱ्याच औषधांचं पातळ औषध मिळतं. गोळी अर्धी करायची तर तिच्यावर मधोमध खाच आहे का बघा. खाच आहे म्हणून प्रत्येक वेळी मोडता येतेच असं नाही, पण खाच नसेल तर विचारल्याशिवाय मोडू नका.

पाकीट हा गोळीचाच शेवटचा थर आहे. पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटातून वाफ थोडी का होईना आत शिरते. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्यातून जवळजवळ शिरत नाही. कोणत्या गोळीला कोणतं, हे ठरवण्याआधी ती पाकिटासकट 40 अंश आणि 75 टक्के आर्द्रतेच्या कपाटात सहा महिने ठेवून बघतात, त्याखेरीज साध्या हवामानात वर्षानुवर्षं. मुदतीची तारीख त्यातून येते. ती तारीख बंद पाकिटातल्या गोळीची आहे. गोळी सोडवून डब्यात टाकली की त्या तारखेला अर्थ उरत नाही.

काकींना हे सगळं मी काउंटरवर उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी डबा टाकला नाही. पुढच्या महिन्यात आल्या तेव्हा तो उघडून दाखवला. आत चंदेरी कागदाचे छोटे चौकोन होते, प्रत्येकाच्या चारी बाजूंना बंद कड राखून कात्रीने नीट कापलेले, आणि ज्या तुकड्यावर तारीख छापली होती तो सगळ्यात खाली ठेवलेला.